आधी ४२ टक्के, नंतर ५३ टक्के: फरक खरा की योगायोग? मोहिमेआधीच्या आणि नंतरच्या सर्वेक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकवते. वर्गात प्रश्न कमी येतात, मोबाइलवर जास्त. समाजकार्याचे विद्यार्थी, बी.एड.चं कृतिसंशोधन करणारे शिक्षक, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, तालमीची (म्हणजे गल्लीतल्या तरुण मंडळाची) पोरं, सगळ्यांकडे दोनच आकडे असतात: मोहिमेआधी इतके टक्के ‘हो’ म्हणाले, मोहिमेनंतर इतके. त्यापुढचं मला विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

जवळजवळ सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. एका पेठेत गणेशमूर्ती दानाची मोहीम झाली. मोहिमेआधी २०० घरांना विचारलं, “यंदा मूर्ती नदीत न सोडता दान कराल का?” ८४ घरं हो म्हणाली, म्हणजे ४२ टक्के. मोहिमेनंतर पुन्हा २०० घरांना विचारलं, १०६ हो म्हणाली, म्हणजे ५३ टक्के. आकडे हिशेब समजावा म्हणून मी बनवलेले आहेत, खऱ्या कुठल्या पेठेचे नाहीत.

१. मॅडम, ११ टक्के वाढलेत हे डोळ्यांनी दिसतंय न्हवं? मग चाचणी कशाला?

दिसतंय ते तुम्ही विचारलेल्या २०० घरांचं. तुम्हाला बोलायचंय अख्ख्या पेठेबद्दल. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण दर वेळी हाताला वेगळं शीत लागतं. त्याच दिवशी, त्याच पेठेत दुसऱ्या कार्यकर्त्याने चिठ्ठ्या टाकून दुसरी २०० घरं काढली असती, तर त्याला ४२ ऐवजी ३८ किंवा ४६ टक्केही मिळाले असते, आणि मोहीम तर अजून सुरूही झालेली नाही. २०० घरांच्या नमुन्यात ४२ टक्क्यांच्या आसपास साडेतीन टक्क्यांची ‘प्रमाण त्रुटी’ (स्टँडर्ड एरर, म्हणजे नुसत्या नमुन्यामुळे टक्का साधारण किती हलतो त्याचं माप) असते. ढोबळ हिशेबाने तिच्या दुप्पट, म्हणजे सात टक्के इकडे किंवा तिकडे, एवढी हालचाल नुसत्या नमुन्यामुळे होऊ शकते. दोन्ही सर्व्हे असे हलत असताना त्यांच्यातला ११चा फरक केवळ या हालचालीतून येऊ शकेल का, एवढंच चाचणी तपासते.

२. शून्य परिकल्पना म्हणजे नक्की काय लिहायचं? गाइड दर वेळी खोडतात.

बहुतेक जण “मोहिमेमुळे फरक पडेल” असं लिहितात, म्हणून खोडलं जातं. शून्य परिकल्पना म्हणजे चाचणीपुरतं धरलेलं ‘काही बदल नाही’ हे गृहीतक, म्हणून ती उलट्या बाजूने लिहायची: “पेठेतील मूर्तीदानास तयार असलेल्या घरांचे प्रमाण मोहिमेपूर्वी व मोहिमेनंतर सारखेच आहे.” पर्यायी परिकल्पना: “हे प्रमाण सारखे नाही.” दोन गोष्टी सांभाळा. वाक्य पेठेबद्दल हवं, तुमच्या २०० घरांबद्दल नको. त्या घरांचे ४२ आणि ५३ तर तुम्हाला माहीतच आहेत, त्यांची परिकल्पना कसली? आणि ‘मोहिमेमुळे’ हा शब्द इथे नको. का नको, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

३. कोणती चाचणी लावू? झेड, काई-वर्ग, मॅकनेमार, टी... सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलंय.

मी आधी एकच विचारते: दोन्ही वेळा तीच घरं होती की वेगळी? आणि तीच असतील तर कुठल्या घराने आधी काय सांगितलं आणि नंतर काय, याची जोडी तुमच्याकडे लिहिलेली आहे का?

वेगळी घरं असतील तर दोन प्रमाणांची झेड-चाचणी (प्रश्न ४). तीच घरं आणि जोड्या असतील तर मॅकनेमार (प्रश्न ५). तीच घरं पण जोड्या नसतील तर प्रश्न ६ वाचा आणि थोडं वाईट वाटून घ्या. दोन बाय दोनच्या तक्त्यावरची साधी काई-वर्ग चाचणी ही वेगळ्या घरांसाठीच आहे; झेडचा वर्ग केला की तीच येते, त्यामुळे त्या दोघींत भांडण नाही.

लोकांना वाटतं चाचणी सर्व्हे संपल्यावर संगणकापुढे बसून निवडायची. ती सर्व्हेच्या पहिल्या दिवशी, वहीत घराचा क्रमांक लिहिला की नाही, तिथेच ठरून जाते.

४. दोन्ही वेळा वेगवेगळी घरं होती. हिशेब करून दाखवा.

‘काहीच फरक नाही’ असं धरलं तर दोन्ही नमुने एकाच पेठेचे, म्हणून एकत्र करा: ८४ + १०६ = १९०, भागिले ४०० = ०.४७५. हे एकत्रित प्रमाण.

प्रमाण त्रुटी = √(०.४७५ × ०.५२५ × (१/२०० + १/२००)) = ०.०४९९.

झेड, म्हणजे फरक त्रुटीच्या किती पट = ०.११ ÷ ०.०४९९ = २.२०.

बदल नसताना ‘बदल आहे’ म्हणायची चूक शंभरात पाच वेळा चालेल असं धरलं (५ टक्के पातळी), तर झेडची सीमा १.९६. आपला झेड तिच्या पलीकडे आहे. पी-व्हॅल्यू (अर्थ प्रश्न ८ मध्ये) साधारण ०.०२८. म्हणजे शून्य परिकल्पना नाकारता येते, यालाच फरक ‘सार्थक’ आहे म्हणतात.

इथे थांबू नका, विश्वास अंतरालही काढा, म्हणजे पेठेतला खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा. त्यासाठी प्रमाणं एकत्र करत नाहीत, प्रत्येकाची वेगळी त्रुटी घेतात: √(०.४२ × ०.५८/२०० + ०.५३ × ०.४७/२००) = ०.०४९६. तिला १.९६ ने गुणलं की ०.०९७. तेव्हा ९५ टक्के अंतराल होतो १.३ ते २०.७. याचा अर्थ मनावर घ्या: वाढ २० टक्क्यांच्या घरातली असू शकते, तशीच जेमतेम दीड टक्क्याचीही असू शकते. ‘सार्थक फरक’ असं लिहून हे झाकून टाकतात, ते मला पटत नाही.

५. तीच २०० घरं, आधीचं-नंतरचं उत्तर दोन्ही आहे. मॅकनेमार कशी करायची?

प्रत्येक घर चारपैकी एका खणात टाका:

| | नंतर हो | नंतर नाही |
|---|---|---|
| आधी हो | ७० | १४ |
| आधी नाही | ३६ | ८० |

बेरजा पडताळा: आधी हो ७० + १४ = ८४, नंतर हो ७० + ३६ = १०६. तेच ४२ आणि ५३ टक्के.

आता ७० घरं दोन्ही वेळा हो म्हणाली, ८० दोन्ही वेळा नाही. त्यांनी मत बदललंच नाही, त्यामुळे बदलाबद्दल त्यांना काही सांगायचं नाही. मत बदललं ५० घरांनी: ३६ ‘नाही’वरून ‘हो’वर आली, १४ उलटी गेली. काहीच घडलं नसतं, लोक नुसते लहरीने उत्तरं बदलत असते, तर ही ५० घरं नाणेफेकीसारखी साधारण २५-२५ विभागली असती. ३६-१४ ही विभागणी नाणेफेकीत किती दुर्मीळ, एवढाच प्रश्न उरतो.

सूत्र: (३६ − १४)² ÷ (३६ + १४) = ४८४ ÷ ५० = ९.६८. या सूत्रासाठी ५ टक्के पातळीची सीमा ३.८४ (१.९६ चा वर्ग). पी-व्हॅल्यू सुमारे ०.००२.

प्रश्न ४ मध्ये हेच ४२ आणि ५३ घेऊन ०.०२८ आलं होतं, इथे ०.००२. टक्के तेच, पुरावा कितीतरी बळकट, कारण घराघरांतला मूळ फरक (कोण पिढीजात नदीवरच जाणारं, कोण आधीपासूनच दान करणारं) हिशेबातून बाहेर गेला. अंतरालही आवळतो: ४.२ ते १७.८. ही चाचणी मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी १९४७ मध्ये मांडली. सूत्र हाताने कागदावर होतं, सॉफ्टवेअरसाठी कुणी अडून राहू नये.

जाता जाता: त्या १४ घरांकडे जा. आधी हो म्हणून नंतर नाही का म्हणाले ते विचारा. ४२ आणि ५३ अशा दोन टक्क्यांत ही घरं दिसतच नाहीत, आणि पुढच्या वर्षीची मोहीम सुधारायला त्यांच्याइतकं उपयोगी कुणी नाही.

६. लोक तेच होते पण नावं घेतली नाहीत, गोपनीयता ठेवायची होती. आता काय?

माझ्या पहिल्या सर्व्हेत मी हेच करून बसले होते. १२० पालकांना दोनदा विचारलं. “नाव नको, मोकळेपणाने लिहा” म्हणताना साधा अनुक्रमांकही टाकला नाही. शेवटी टेबलावर दोन गठ्ठे, आणि कुणाचा जोडीदार कोण ते कळायला मार्ग नाही. दोन दिवस हस्ताक्षरावरून जोड्या लावत बसले. ‘ळ’ची गाठ सारखी वाटली म्हणून एक जोडी लावली, तर त्या दोन फॉर्मवर वयं ३४ आणि ५१. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं.

जोड्या नसतील तर प्रश्न ४ ची चाचणी वापरावी लागते, पण अहवालात स्पष्ट लिहायचं की नमुने प्रत्यक्षात स्वतंत्र नव्हते. त्यातल्या त्यात बरं एवढंच की एकाच माणसाची दोन उत्तरं बहुधा मिळतीजुळती असतात, आणि अशा वेळी झेड-चाचणी पुरावा कमी दाखवते, वाढवून दाखवत नाही. तिच्यातून फरक सार्थक आला तर ठीक. नाही आला, तर मॅकनेमारने आला असता की काय, हे आता कळायची सोय नाही.

पुढच्या वेळी नाव न घेता खूण घ्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. ‘सु-१७-४२’ अशी खूण माणूस दोन्ही वेळा न आठवता लिहू शकतो, आणि त्यावरून तो कोण ते तुम्हाला कळत नाही.

७. आधी २०० घरं होती, दुसऱ्यांदा १५०च सापडली. उरलेली ५० सोडून देऊ का?

१५० जोड्यांवर मॅकनेमार करा, पण त्याआधी गळालेल्या ५० घरांची पहिली उत्तरं मोजा. समजा त्यांत १० ‘हो’ होती आणि ४० ‘नाही’. मग राहिलेल्या १५० घरांत आधीचे ‘हो’ ७४, म्हणजे ४९.३ टक्के. एकाही माणसाचं मत न बदलता ४२चे ४९ झाले, कारण ‘नाही’वाल्यांनी दुसऱ्यांदा दारच उघडलं नाही.

म्हणून “आधी २०० पैकी ४२ टक्के, नंतर १५० पैकी इतके टक्के” अशी तुलना कधीही करू नका. दोन्ही टक्के त्याच १५० घरांचे द्या आणि गळती वेगळी सांगा.

८. पी-व्हॅल्यू ०.०२८ म्हणजे मोहीम यशस्वी असण्याची शक्यता ९७.२ टक्के, बरोबर ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की मी दर वर्षी व्हायव्हात मुद्दाम विचारते. ०.०२८ चा अर्थ: पेठेत प्रत्यक्षात काहीच बदल झाला नसता, तरी नुसत्या नमुन्याच्या खेळामुळे ११ किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षा किंचित कमी. ‘बदल झाला नसता तर’ ही अट तिच्यात आधीच धरलेली आहे. परिकल्पना खरी असण्याची शक्यता किती, याचं उत्तर ती देत नाही.

९. माझी पी-व्हॅल्यू ०.०६ आली. संशोधन फेल गेलं का?

गेलं नाही. ०.०५ ही काही लक्ष्मणरेषा नाही. आर. ए. फिशर यांनी १९२५ मध्ये ‘वीसात एक’ ही सोयीची सीमा सुचवली आणि ती पुढे रूढ झाली. “मोहिमेचा परिणाम झाला नाही” असं लिहू नका. “या नमुन्यावरून बदलाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही” असं लिहा आणि अंतराल द्या. अंतराल उणे १ ते १९ असेल, तर वाढ नाकारलेली नाही, फक्त आपला नमुना लहान पडला, हे वाचणाऱ्याला आपोआप समजतं.

पण ०.०६ आल्यावर आणखी वीस घरं विचारून पुन्हा चाचणी, मग आणखी वीस, असं ०.०५ येईपर्यंत करत राहणं म्हणजे रडीचा डाव.

१०. एकतर्फी चाचणी केली की पी निम्मी होते. मग तीच का करू नये? मोहिमेने टक्का कमी थोडाच होणार आहे?

होतो की. दारोदार जाऊन उपदेश केला की माणसं चिडतात; ती १४ घरं आठवा. एकतर्फी चाचणी (फक्त वाढ झाली का, एवढंच तपासणारी) चालते, पण तसं ठरवलेलं सर्व्हेच्या आधी कागदावर असावं, आणि टक्का घसरला तरी “आम्हाला त्यात रस नव्हता” असं म्हणायची तयारी असावी. दुतर्फी ०.०६५ आली म्हणून रात्रीत एकतर्फी केलेली मी पाहिली आहे. परीक्षकालाही ती लगेच दिसते.

११. माझ्या वर्गात ३०च मुलं आहेत. चाचणी चालेल का?

चालेल, पण सूत्राऐवजी अचूक हिशेब करा. करवीर तालुक्यातल्या पूरपट्ट्यातल्या गावची शाळा धरा. मुलांना विचारलं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी किती आणि धोका पातळी किती? (३९ आणि ४३ फूट.) तासिका घेतल्यावर पुन्हा विचारलं. ९ मुलांचं उत्तर चुकीवरून बरोबरवर आलं, २ मुलांचं बरोबरवरून चुकीवर गेलं. बाकी १९ होती तिथेच.

बदलणारी मुलं अकराच. मॅकनेमारच्या सूत्रासाठी बदलणारे साधारण २५ तरी हवेत. म्हणून थेट नाणेफेकीचा हिशेब: अकरा वेळा नाणं उडवलं तर एका बाजूला दोन किंवा कमी पडण्याचे प्रकार १ + ११ + ५५ = ६७, एकूण प्रकार २०४८. ६७ ÷ २०४८ = ०.०३३. दोन्ही बाजू धरून ०.०६५. नऊ विरुद्ध दोन बघताना केवढं वाटतं, पण अकरा नाण्यांत असं कधीमधी होतंच.

मुलं वेगवेगळी असतील (गेल्या वर्षीचा वर्ग आणि यंदाचा वर्ग) आणि संख्या लहान, तर फिशरची अचूक चाचणी घ्या.

१२. किती लोकांना विचारलं म्हणजे पुरे?

किती फरक पकडायचाय, त्यावर. वेगळी घरं, ५ टक्के पातळी, आणि खरा फरक असेल तर दहापैकी आठ वेळा तो सापडावा एवढी ताकद हवी असेल तर हिशेब असा (७.८४ हा याच पातळीचा आणि ताकदीचा ठरलेला आकडा): ७.८४ × (पहिलं प्रमाण × उरलेलं + दुसरं प्रमाण × उरलेलं) ÷ फरकाचा वर्ग.

४० वरून ५० पकडायला प्रत्येक वेळी साधारण ३८५ घरं. ४० वरून ४५ पकडायला १५३० च्या आसपास. फरक निम्मा झाला की घरं चौपट लागतात. आपल्या उदाहरणातल्या ११ साठी ३२० हवी होती. २०० घेऊन सार्थक निकाल आला हे थोडं नशीबही म्हणायचं. जोड्या ठेवल्या तर बऱ्याच कमी घरांत काम होतं, आणि क्रमांक लिहायला तर काही खर्चही येत नाही.

१३. मग सॅम्पल जितकं मोठं तितका सर्व्हे बिनचूक, असं म्हणू शकतो ना?

नमुन्याची हालचाल कमी होते; चुकीचं माप मोठ्या नमुन्याने सुधारत नाही. याचं चांगलं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्या कामात आहे. पिकाचा उतारा काढताना लहान तुकडे कापले की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. असे लहान तुकडे हजार कापा, फुगवटा तसाच राहतो.

सर्व्हेतही तेच. मोहिमेचा टी-शर्ट घालून कार्यकर्ता दारात उभा राहिला आणि “दान करणार ना?” म्हणाला, तर कोण नाही म्हणेल? आधीचा सर्व्हे कॉलेजच्या मुलींनी केला आणि नंतरचा टी-शर्टवाल्यांनी, तर ११ मधले किती मोहिमेचे आणि किती टी-शर्टचे, हे कुठलीच चाचणी सांगणार नाही. प्रश्नाचे शब्द, विचारणारी माणसं, वेळ, सगळं दोन्ही खेपेला सारखं ठेवा. दाराशी येणारं माणूसही: आधी सासूबाईंनी उत्तर दिलं आणि नंतर सूनबाईंनी, तर जोडी घराची झाली, माणसाची नाही.

उलट बाजूही आहे. दहा-दहा हजार घरांत ४२ चे ४३.५ झाले तरी पी-व्हॅल्यू ०.०३ येते. फरक खरा असेल; पण दीड टक्क्यासाठी मोहिमेचा एवढा खर्च परवडतो का, हे चाचणीला नाही, खजिनदाराला विचारा.

१४. आम्ही दहा गल्ल्या निवडून प्रत्येक गल्लीतली २० घरं घेतली. यात काही अडचण?

आहे, आणि कोल्हापुरात जरा जास्तच. इथे गल्ली तालमीच्या शब्दावर चालते. तालमीचा अध्यक्ष “दान” म्हणाला की वीसपैकी पंधरा घरं दान म्हणतात. अशा गल्लीतली वीस घरं म्हणजे वीस स्वतंत्र मतं नव्हेत.

एका गल्लीतल्या उत्तरांचं हे साम्य (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे सगळी सारखी) अगदी थोडं, ०.०५ एवढंच धरलं तरी त्रुटीच्या वर्गाचा फुगवटा होतो १ + १९ × ०.०५ = १.९५ पट (१९ म्हणजे गल्लीतल्या २० घरांतून एक वजा). म्हणजे तुमची २०० घरं प्रत्यक्षात १०३ घरांएवढंच बोलतात. प्रश्न ४ मधला २.२० चा झेड १.९५ च्या वर्गमुळाने भागा: १.५८. पी-व्हॅल्यू ०.११ च्या पुढे. सार्थक निकाल गेला!

उपाय सर्व्हेआधीच करायचा: कमी घरं, जास्त गल्ल्या. दहा गल्ल्यांत वीस-वीस घेण्यापेक्षा चाळीस गल्ल्यांत पाच-पाच घ्या. पायपीट वाढेल, त्याला इलाज नाही.

१५. फरक सार्थक आला. आता “मोहिमेमुळे वाढ झाली” असं लिहू ना?

चाचणी ‘बदल झाला’ एवढंच सांगते, ‘कशामुळे’ ते नाही. प्रश्न ११ मधली पूरपातळी घ्या. पहिला सर्व्हे एप्रिलमध्ये, दुसरा ऑगस्टमध्ये. जुलैपासून कोल्हापुरात प्रत्येक मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ बंधाऱ्याची पातळी फिरत असते, पान टपरीवरही “किती फूट झालं?” हाच विषय. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात तर विचारायलाच नको. ३९ आणि ४३ हे आकडे मुलांना तुमच्या तासिकेने शिकवले की नदीने?

यासाठी मोहीम न झालेली, बाकी बाबतींत तशीच असलेली एक पेठ किंवा शाळा सोबत मोजा. समजा मोहीम नसलेल्या पेठेत २००-२०० घरांत ४० चे ४८ झाले. तिथे ८ ने वाढलं, आपल्याकडे ११ ने. मोहिमेच्या नावावर उरले ३. या तीनची प्रमाण त्रुटी (चारही सर्व्हेंच्या त्रुटी मिळून) ०.०७०, झेड ०.४३. म्हणजे मोहिमेचा वेगळा परिणाम दाखवता येत नाही. दोन्ही पेठांत स्वतंत्र चाचणी करून “इथे सार्थक, तिथे असार्थक, म्हणून मोहीम यशस्वी” असं लिहिणं चूक आहे. फरकांमधल्या फरकाचीच चाचणी करावी लागते.

तुलनेची पेठ नसेल तर ‘मोहिमेमुळे’ ऐवजी ‘मोहिमेच्या काळात’ लिहा.

१६. प्रश्नावलीत २० प्रश्न होते. त्यातल्या दोनांत सार्थक फरक आला. तेवढेच दोन देऊ का?

काहीच बदललेलं नसताना २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एक तरी खोटी ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. सगळे वीस निकाल द्या. मुख्य प्रश्न कोणता ते आधीच ठरवा. नसेल ठरवला तर ०.०५ ला २० ने भागून ०.००२५ ची सीमा लावा. याला बॉनफेरोनीची दुरुस्ती म्हणतात. ती कडक आहे, पण समजावायला सोपी.

१७. “सांगता येत नाही” म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

नियम एक ठेवा आणि दोन्ही वेळा तोच पाळा. ‘ठामपणे हो’ एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या बाजूला, ही विभागणी मला सुरक्षित वाटते. आधीच्या सर्व्हेत त्यांना ‘नाही’त घालून नंतरच्या सर्व्हेत वगळलं की टक्का आपोआप चढतो, असे अहवाल मी तपासले आहेत. पाच पायऱ्यांची मोजपट्टी असेल (पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत) तर तिला हो-नाहीत मोडण्याऐवजी जोड्यांसाठी विल्कॉक्सनची चाचणी बघा. आधी, नंतर आणि सहा महिन्यांनी अशा तीन फेऱ्या असतील तर हो-नाहीसाठी कॉक्रनची चाचणी.

१८. ४२ चे ५३ म्हणजे ११ टक्के वाढ की २६ टक्के?

११ टक्केबिंदूंची वाढ. मूळ ४२ च्या तुलनेत २६ टक्के. दोन्ही बरोबर, पण पत्रकात “२६ टक्क्यांनी वाढ” एवढंच छापणं लबाडी. ४२ आणि ५३ हे दोन्ही आकडे द्या.

१९. एक्सेलमध्ये ०.०२८ आलं आणि आरमध्ये (R या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये) ०.०३५५. कोण चुकलं?

कुणी नाही. आर प्रमाणांच्या चाचणीत न विचारता सातत्य-दुरुस्ती लावतं, म्हणजे फरक किंचित कमी धरून हिशेब करतं. तुम्ही एक्सेलमध्ये सूत्र हाताने मांडलंत, त्यात ती नाही. मॅकनेमारलाही तसंच: दुरुस्तीशिवाय ९.६८, दुरुस्तीसह ८.८२. कोणतं वापरलं ते एका ओळीत लिहा.

२०. गाइड म्हणतात टी-टेस्टच लाव, आमच्याकडे सगळे तीच लावतात. भांडू का?

भांडू नका. ‘हो’ला १ आणि ‘नाही’ला ० धरून टी-चाचणी केली, तरी २०० घरांत उत्तर जवळजवळ तेच येतं. वेगळ्या घरांसाठी टी २.२१, जोड्यांसाठी ३.१८, झेड (२.२०) आणि मॅकनेमारच्या ९.६८ चं वर्गमूळ (३.११) यांपासून फार लांब नाही. लहान नमुन्यात किंवा टक्का ५ च्या खाली, ९५ च्या वर असेल तेव्हा मात्र टी वापरू नका.

गाइडना फक्त एवढं विचारा, “सर, जोड्यांची टी लावू की स्वतंत्र नमुन्यांची?” यावर ते म्हणतील, “घरं तीच होती का?” मग वही उघडून घर क्रमांकांचा रकाना दाखवा.